प्रकाशश्वसनातलं एन्झाइम बिघडलं तर रोप जास्त वाढायला हवं ना?

ठाण्यात बारावीच्या मुलांना शिकवते, तिथेही हाच प्रश्न येतो: प्रकाशश्वसनात कार्बन वाया जातो, मग ते बंद पडलं तर फायदाच ना? नाही, रोप खुरटतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या एन्झाइमने त्याऐवजी ऑक्सिजन पकडला की फॉस्फोग्लायकोलेट नावाचं संयुग तयार होतं (मे महिन्याच्या उकाड्यात तर जास्तच). त्याचा निचरा करण्याची प्रक्रिया म्हणजे प्रकाशश्वसन. ते साचलं की केल्विन चक्रातली (कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्याच्या प्रक्रियेतली) एन्झाइमं अडतात. उत्परिवर्तनामुळे (जनुकातल्या बदलामुळे) त्याचा निचरा करणारं एन्झाइमच नसेल तर पानं पिवळी पडतात.

१९७९ मध्ये सॉमरव्हिल आणि ऑग्रेन या शास्त्रज्ञांनी अशी, मोहरीच्या कुळातल्या छोट्याशा अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपं शोधली. १ टक्का कार्बन डायऑक्साइडच्या हवेत ती धडधाकट, साध्या हवेत आजारी! मला हा पुरावा फार सुंदर वाटतो. भरपूर कार्बन डायऑक्साइड मिळाला की रुबिस्को ऑक्सिजन क्वचितच पकडतो, म्हणून निचऱ्याची गरजच उरत नाही.