कागद आधी तिला परत द्या

'मुलगी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण चांगले आहेत, पण खून-मारामारीतल्या गुन्हेगारांची तपासणी करायचं खूळ डोक्यात शिरलंय. ते कसं काढू?' असं तुम्ही विचारलंय. पुढच्याच ओळीत, तिच्या प्रवेशअर्जाचे कागद कपाटात कुलूपबंद केल्याचं लिहिलंय. मी तिथेच अडले. २१ वर्षांच्या मुलीचे कागद आधी तिच्या हातात द्या.

शिक्षणाचा मार्ग सरळ आहे: मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी., फॉरेन्सिक सायकॉलॉजीत (गुन्हे आणि न्यायालयाशी निगडित मानसशास्त्रात) विशेष शिक्षण, मग अनुभवी माणसाच्या हाताखाली काम.

'माणसाकडे बघून तो पुन्हा मारेल की नाही, हे कोण सांगणार?' हा तुमचा प्रश्न. नुसतं बघून कोणीच सांगू शकत नाही. न्यूयॉर्क राज्यात १९६६ मध्ये न्यायालयाच्या निकालामुळे, 'अतिधोकादायक' म्हणून डांबलेल्या ९६७ मनोरुग्णांना साध्या रुग्णालयांत हलवावं लागलं. पुढे त्यांतले फारच थोडे हिंसक निघाले. तज्ज्ञांचे अंदाज इतके चुकले होते! म्हणूनच पुढे हिंसेचा धोका पद्धतशीर तपासायची एचसीआर-२० सारखी साधनं आली. एचसीआर-२० मध्ये २० मुद्दे असतात: दहा पूर्वेतिहासाचे, पाच सध्याच्या मनःस्थितीचे, पाच पुढच्या परिस्थितीचे. गुणांची बेरीज करून निकाल द्यायचा नसतो. जाडजूड फाइल वाचायची, माणसाशी बोलायचं आणि लिहायचं: दारू पुन्हा सुरू झाली, घरच्यांनी बाहेर काढलं, तर हा कोणावर हात उचलेल? आधी काय दिसेल? झोप उडेल, की भेटीला येणं बंद होईल? तेव्हा कोणी, काय करायचं? भाकीत करण्यापेक्षा ही तजवीज मोलाची. परिस्थिती बदलली की ती पुन्हा तपासायची.

तिच्या सुरक्षिततेची तुमची काळजी रास्त आहे, पण मला दुसरीच वाटते. उगाच 'धोकादायक' लिहिलं तर एखाद्याची वर्षं तुरुंगात जातात. धोका नजरेतून सुटला तर कोणाचा तरी जीव जातो. दिवसभर कोणाच्या तरी जखमांची वर्णनं वाचून हा निर्णय घ्यायचा असतो. वरिष्ठांपाशी मन मोकळं करायची सवय नसेल, तर माणूस आतून खचतो. हे तिला पेलेल का, हे मला तिच्याकडूनच ऐकायचंय. घरात मन मोकळं करता येतं का, हेही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.