युद्धाच्या काळात एआयचे खोटे व्हिडिओ गावच्या ग्रुपपर्यंत कसे पोहोचतात?

सीमेवर काही घडलं की तासाभरात साताऱ्याकडच्या गावांतल्या ग्रुपवर एआयचे व्हिडिओ कसे येतात आणि ते पकडायचे कसे, असा तुमचा प्रश्न आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो खऱ्या माणसाचा खरा व्हिडिओ, ज्यात फक्त ओठ आणि आवाज बदललेला असतो. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते अहमद शरीफ चौधरी दोन जेएफ-१७ विमानं गमावल्याची कबुली देतायत, असा व्हिडिओ फिरला. चित्र जुन्या पत्रकार परिषदेचं, आवाज एआयचा. आपल्याकडच्या काही वृत्तमाध्यमांनीही तो खरा मानून चालवला.

व्हिडिओ आधी एक्स किंवा टेलिग्रामवर पडतो. तिथून कुणीतरी स्क्रीन रेकॉर्ड करतं, कोपऱ्यातला वॉटरमार्क कापतं, वर मराठी मजकूर चढवतं आणि रील करतं. मग तो व्हॉट्सॲपवर येतो. पाच हातांतून गेलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते आणि तो पुढे एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण तोच व्हिडिओ गॅलरीतून नव्याने टाकला की खूणही जाते, मर्यादाही जाते. दर फेरीत दर्जा घसरतो, त्यामुळे बनावटीच्या बारीक खुणा पुसल्या जातात. म्हणूनच एआय ओळखणाऱ्या वेबसाइटच्या टक्क्यांवर मी विसंबत नाही.

त्यापेक्षा मूळ शोधा. चेहरा आणि मागची भिंत, झेंडे, माइक स्पष्ट दिसतील असे तीन-चार स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये टाका. ओठ बदलले तरी मागचं सहसा तसंच राहतं, त्यामुळे जुना व्हिडिओ बऱ्याचदा सापडतो. स्फोटाची दृश्यं असतील तर प्रत्येक शॉटची लांबी मोजा. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात फिरलेल्या काही क्लिपा गूगलच्या व्हिओ ३ या एआय व्हिडिओ बनवणाऱ्या टूलवर बनवलेल्या होत्या, आणि ते एका वेळी ८ सेकंदांचीच क्लिप देत होतं. अर्थात छोटा शॉट हा संशय, पुरावा नव्हे.

अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरांतून माणसं फौजेत असलेल्या गावात मला जास्त काळजी वाटते ती शहीद जवानांच्या खोट्या याद्यांची. लष्कर आधी घरच्यांना कळवतं. ग्रुपवर आलेली यादी तिथेच थांबवा; ‘हे खरं आहे का?’ म्हणून पुढे पाठवलं तरी ती पसरतेच.

केंद्र सरकार किंवा सैन्याबद्दलचा दावा असेल तर पीआयबी फॅक्ट चेकला (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा खरं-खोटं तपासणारा विभाग) ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवा. उत्तर आलं की त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजला रिप्लाय म्हणून टाका. सुटं टाकलं तर कशाबद्दल आहे ते कुणाला कळत नाही.