जेवणाची नोंद घेणारा कॅमेरा आणि समोर बसलेल्यांची संमती

प्रश्न : मी दादरला राहते व लोअर परळच्या एका खासगी वित्तसंस्थेत नोकरी करते. मला टाइप २ मधुमेह आहे. एका रुग्णालयाच्या आहारविषयक संशोधनात मी सहभागी झाले असून, त्यांनी दिलेला छोटा कॅमेरा दिवसभर कपड्यांना लावावा लागतो. तो काही सेकंदांनी आपोआप छायाचित्रे घेतो आणि ती पाहून तेथील आहारतज्ज्ञ मला सल्ला देतात. कॅन्टीनमध्ये शेजारी बसणाऱ्या एका सहकारी बाईंनी तक्रार केली आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. माझ्याकडून गुन्हा घडला आहे का? मध्येच बाहेर पडून छायाचित्रे पुसून टाकायला सांगता येईल का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून, कॅन्टीनमधील छायाचित्रांमुळे आपल्याकडून फौजदारी गुन्हा घडला असे मला वाटत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागाचे चित्र जाणूनबुजून व संमतीविना टिपण्यापुरते मर्यादित आहे, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी कृतीच्या चित्रणाविषयी आहे; चारचौघांत डबा खाणे यांपैकी कशातही बसत नाही. तरीही ही दोन्ही कलमे आपण लक्षात ठेवावीत, कारण दिवसभर अंगावर असलेला कॅमेरा कार्यालयाच्या स्वच्छतागृहातही जातो आणि लोकलच्या महिला डब्यात बाळाला पाजणाऱ्या आईसमोरही असतो. जुन्या दंड संहितेत कलम ७७ सारख्या गुन्ह्याचा आरोपी पुरुषच असू शकत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत तो स्त्रीवरही लागू शकतो. कॅमेरा आपोआप चालतो हे ठाऊक असताना ‘मी बटण दाबले नव्हते’ हा बचाव लंगडा ठरेल. अशा ठिकाणी तो बंद करून पर्समध्ये ठेवावा.

आता आपल्या सहकारी बाईंचे म्हणणे. आपण संमतिपत्रावर सही केली ती स्वतःपुरती. त्यांनी कशावरही सही केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, आणि केवळ सार्वजनिक जागी आहोत म्हणून तो हक्क संपत नाही हेही त्या निकालात म्हटले आहे. डब्यात काय आहे यावरून धर्म, जात, उपवास, आजारपण अशा अनेक गोष्टींचा अंदाज बांधता येतो. मांसाहाराच्या कारणावरून भाड्याचे घर नाकारले जाते अशा या शहरात त्यांची तक्रार मला फाजील वाटत नाही.

या छायाचित्रांची कायदेशीर जबाबदारी मात्र मुख्यतः रुग्णालयाची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती कशासाठी व कशी वापरायची हे जो ठरवतो, तो उत्तरदायी असतो. आपण ही छायाचित्रे निव्वळ स्वतःच्या वहीसाठी घेतली असती तर वैयक्तिक वापर म्हणून हा अधिनियम लागूच झाला नसता. रुग्णालय बहुधा संशोधनासाठीच्या सवलतीकडे बोट दाखवील. परंतु त्या माहितीच्या आधारे त्याच व्यक्तीविषयी निर्णय घेतला जात नसेल, तरच ती सवलत मिळते. येथे आहारतज्ज्ञ तीच छायाचित्रे पाहून आपला आहार ठरवत आहेत, त्यामुळे ही सवलत आपल्या बाबतीत टिकेल असे मला वाटत नाही. अर्थात, या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमती व हक्कांविषयीच्या मुख्य तरतुदी अधिसूचनेनुसार त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात यायच्या आहेत. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३-ए आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत, ज्यांत आरोग्यविषयक माहितीसाठी लेखी संमती लागते व ती लेखी कळवून मागेही घेता येते. रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर हे नियम धर्मादाय रुग्णालयाला लागू नाहीत असा वाद ते घालू शकेल.

नोटिशीचा विषय वेगळा आहे आणि त्यात आपली बाजू कमकुवत आहे. कार्यालय खासगीपणाच्या कायद्यावर नव्हे, तर आपल्या नियुक्तिपत्रातील गोपनीयतेच्या अटीवर बोट ठेवील. संगणकाच्या पडद्यावरील ग्राहकांचे तपशील एखाद्या चित्रात आले असतील, तर हेतू कितीही निर्मळ असला तरी अटीचा भंग होतोच. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. त्यात वैद्यकीय कारण सांगून संमतिपत्राची प्रत जोडावी आणि यापुढे कार्यालयात कॅमेरा न लावण्याची हमी द्यावी. सहकारी बाईंवर प्रत्यारोप करू नये.

संशोधन सोडायचे की नाही, हे ठरवण्याआधी दुसरा मार्ग आहे का हे विचारून पाहावे. परदेशात अशा संशोधनासाठी २०१३ मध्ये जी नैतिक चौकट सुचवली गेली, तीत छायाचित्रे संशोधकाच्या हाती जाण्याआधी सहभागी व्यक्तीने ती एकटीने पाहून नको असलेली काढून टाकावीत, अशी सोय आहे. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी चष्म्याला लावायचे एक उपकरण बनवले असून, त्यात खाणे सुरू झाल्याचे ओळखून तेव्हाच चित्र घेण्याचा पर्याय त्यांनी अभ्यासला आहे. दिवसभर चालणारा कॅमेरा लोक फार दिवस सहन करत नाहीत, हे आपल्या रुग्णालयालाही कळायला हवे. कॅमेऱ्याची दिशा ताटापुरती ठेवता येत असेल तर निम्मा वाद मिटेल.

तरीही बाहेर पडायचे असल्यास, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागीला कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येते आणि त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ज्या नोंदींतून आपली ओळख आधीच पुसून निष्कर्षात समावेश झाला आहे, त्या परत मिळणे अवघड. मूळ छायाचित्रे मात्र नष्ट करण्याची मागणी करावी, आणि त्यात सहकाऱ्यांचे चेहरे असलेल्या चित्रांचा स्वतंत्र उल्लेख करावा. अर्ज प्रमुख संशोधक व रुग्णालयाची नैतिकता समिती या दोघांच्या नावे करून, आपल्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी.