युद्धग्रस्त भागात स्थैर्य आणण्यासाठी दिलेल्या मदतीचा तिथल्या लोकांना खरंच फायदा होतो का?

होतो, पण मदत कुणाच्या वेळापत्रकाने येते यावर बरंच अवलंबून असतं. अफगाणिस्तानपुरतं सांगतो, कारण हा प्रयोग तिथे फार मोठ्या प्रमाणावर झाला.

२००२ ते २०१७ दरम्यान अमेरिकेने तिथे स्थिरीकरणाच्या कामांवर सुमारे ४.७ अब्ज डॉलर खर्च केले. सैन्याने तालिबानला हटवायचं आणि पाठोपाठ रस्ते, शाळा, रोजगार आणायचे, म्हणजे लोक अफगाण सरकारच्या बाजूला येतील, असा हिशोब होता. पण जुलै २०११ पासून सैन्य माघारी आणायचं, हे २००९ मध्येच जाहीर झालं होतं. त्यामुळे भराभर पैसा ओतला गेला, तोही सर्वांत अशांत जिल्ह्यांत.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती कालव्यांची गोष्ट. दक्षिणेतल्या हेलमंद-कंदाहारकडची शेती कालव्यांवर चालते. त्यांतला गाळ गावकरी एकत्र येऊन काढतात. त्याला हशर म्हणतात, आपल्याकडच्या श्रमदानासारखंच. पाणीवाटप मिराब नावाचा गावचा माणूस बघतो. गाळ काढण्याच्या या कामालाच परदेशी पैशातून रोजंदारी मिळू लागली. गरीब घरांत चार पैसे आले, हे मी कमी लेखत नाही. पण पैसे बंद झाल्यावर तेच काम फुकट कोण करणार? काही ठिकाणी तर मजुरी पगारापेक्षा जास्त म्हणून शिक्षक शाळा सोडून कालव्यावर गेले. कंत्राटं बहुधा दांडग्यांच्या हाती गेली, आणि डावललेल्या जमातींचा राग तालिबानच्या पथ्यावर पडला.

अमेरिकेच्याच सरकारी तपासणी यंत्रणेने २०१८ मध्ये लिहिलं, की जिल्ह्यात आलेलं स्थैर्य परदेशी सैनिक आणि अधिकारी तिथे असेपर्यंतच बहुधा टिकलं.

याच देशात २००३ पासून राष्ट्रीय एकता कार्यक्रमही चालला. गावाने मतदानाने समिती निवडायची, तीत बायकाही हव्यात, आणि निधी कशावर खर्चायचा ते गावानेच ठरवायचं. ५०० गावांच्या अभ्यासात निम्म्या गावांना तो आधी दिला, उरलेल्यांना नंतर, आणि तुलना केली. पिण्याचं पाणी आणि वीज सुधारली, सरकारबद्दलचं मतही सुधारलं. पाकिस्तान सीमेलगतच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत मात्र लोकांच्या मतात तसा फरक पडला नाही. हिंसाचार आधीच फार असेल तिथे गावाच्या हाती दिलेला पैसाही पुरत नाही, असं मला यावरून वाटतं.