परदेशी मुक्काम: नियम बदलला, पण आपल्याला तो कोणत्या तारखेपासून लागू?

प्रश्न: मी मूळचा कोल्हापूरचा. ऑगस्ट 2023 पासून जर्मनीत, स्टुटगार्टला, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना) सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. कार्डाची मुदत जानेवारी 2026 अखेर संपते आणि परदेशी नागरिक कार्यालयात भेटीची वेळ मिळत नाही. पीआरसाठी, म्हणजे कायमच्या निवास परवान्यासाठी, ग्रुपवर कुणी 33 महिने सांगतो, कुणी 27, तर कुणी 21. माझी जर्मनची ए1, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीची, परीक्षा झाली आहे. फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचे लग्न आहे. तेव्हा खरे काय मानावे, आणि लग्नाला येऊन मला परत जाता येईल का?

उत्तर: आपल्याला सांगितलेले तिन्ही आकडे खरे आहेत, ते फक्त एकाच काळाचे आणि एकाच माणसाचे नाहीत. ए1 पातळीचे जर्मन येणाऱ्या ब्लू कार्डधारकासाठी पूर्वी 33 महिन्यांची अट होती, ती 18 नोव्हेंबर 2023 पासून 27 महिन्यांवर आली. बी1, म्हणजे मध्यम पातळीचे जर्मन, येत असेल तर 21 महिने पुरतात, आणि हा आकडा आधीही तोच होता. 2021 साली पीआर मिळवलेला मित्र 33 सांगतो तेव्हा तो स्वतःच्या वेळचा नियम प्रामाणिकपणे सांगत असतो. आपले कार्ड जुन्या नियमांच्या काळात निघालेले असले, तरी पीआरचा अर्ज चालू नियमानुसारच तपासला जातो, म्हणून आपल्यासाठी आकडा 27.

हे महिने मोजताना मात्र जर्मनीत पाऊल ठेवल्याच्या दिवसापासून मोजू नयेत. ब्लू कार्डाला साजेशी नोकरी आणि पेन्शन विम्याचे हप्ते, अशा दोन्ही गोष्टी त्या महिन्यांत असाव्या लागतात. पेन्शन विमा संस्थेकडून आपला हप्त्यांचा तपशील विनाशुल्क मागवता येतो. तो हातात घेऊन ओळीने महिने मोजावेत. मध्ये खंड नसेल, तर आपले 27 महिने नोव्हेंबर 2025 मध्येच भरले आहेत. तेव्हा नुसत्या नूतनीकरणात वेळ न दवडता थेट पीआरचाच अर्ज करावा, असे माझे मत आहे.

आता मुदतीचा प्रश्न. जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 प्रमाणे, कार्ड संपण्याआधी नूतनीकरणाचा किंवा दुसऱ्या परवान्याचा अर्ज पोहोचला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. इथे पुष्कळ लोक फसतात, कारण भेटीची वेळ मागणे म्हणजे अर्ज करणे असा त्यांचा समज असतो. वेळ मिळो न मिळो, अर्ज मुदतीच्या आत ऑनलाइन किंवा लेखी पाठवावा, त्यात ‘मी या पत्राद्वारे अर्ज करीत आहे’ असे स्पष्ट वाक्य असावे आणि पोच जपून ठेवावी.

अर्जानंतर कार्यालय एक तात्पुरता दाखला देते, त्याचे जर्मन नाव ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’. नाव उच्चारता आले नाही तरी चालेल, पण तो घडीचा कागद हातात पडताच तिसऱ्या पानावरील चौकटी नीट पाहाव्यात. तिसऱ्या चौकटीत, म्हणजे कलम 81 च्या चौथ्या परिच्छेदापुढे, खूण असेल तर आपला परवाना चालू धरला जातो आणि भारतात जाऊन परत जर्मनीत येता येते. वरच्या दोनांपैकी एखाद्या चौकटीत खूण असेल, तर त्या कागदाच्या भरवशावर देश सोडू नये. प्रवासात मुदत संपलेले कार्डही सोबत ठेवावे. मी स्वतः मुंबई विमानतळावर हे शिकलो: काउंटरवरील मुलीने तसा कागद कधी पाहिलेला नव्हता, तिने तीन वेळा वरिष्ठांना फोन लावला आणि अखेर जुने कार्ड पाहिल्यावरच बोर्डिंग पास दिला. दाखला हाती येईपर्यंत तिकीट काढलेच तर परतावा मिळणारे काढावे.

ब्लू कार्डासाठीच्या किमान पगाराच्या अटीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी पीआरऐवजी ब्लू कार्डाचेच नूतनीकरण करायची वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ही रक्कम पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेशी जोडलेली असल्यामुळे दर जानेवारीत बदलते. 2025 मध्ये ती सर्वसाधारण व्यवसायांसाठी वर्षाला 48,300 युरो होती, 2026 साठी 50,700 आहे. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ती कमी असते.

प्रश्न: आम्ही दोघे नाशिकला असतो, दोघेही निवृत्त. मुलगा 2021 पासून म्युनिकला ब्लू कार्डावर आहे. आता आईवडिलांनाही कायमचे तिकडे नेता येते असे कळले. आम्ही पात्र आहोत का?

उत्तर: काका-काकू, बातमी खरी आहे, पण सध्याच्या कायद्यात आपण त्यात बसत नाही. ज्यांना ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा तत्सम परवाना पहिल्यांदा 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्यांच्याच आईवडिलांसाठी ही सवलत आहे. 2019 साली शिकायला गेलेल्या आणि 2024 च्या एप्रिलमध्ये पहिले ब्लू कार्ड मिळालेल्या मुलाचे आईवडील पात्र ठरू शकतात, आणि आपल्या मुलाने त्याच्याआधी नोकरी धरली म्हणून आपण नाही. हे अन्यायाचे वाटते, आणि मलाही वाटते. पात्र ठरणाऱ्यांनाही पुढे उदरनिर्वाहाची हमी आणि पुरेसा आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि उतारवयात तो विमा मिळवणे हीच खरी चढण असते.

आपल्यासाठी भेटीचा शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातील बऱ्याच देशांत चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा) हाच मार्ग उरतो; त्यावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी त्यात एक सोय झाली आहे. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळून ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास त्यापुढे सामान्यतः पाच वर्षांचा. म्हणून व्हिसाचे शिक्के असलेले जुने पासपोर्ट फेकू नयेत.

प्रश्न: मी बर्लिनमध्ये तीन वर्षे आहे, जर्मन सी1 (प्रगत पातळी) झाले आहे. तीन वर्षांत नागरिकत्व मिळते ना?

उत्तर: मिळत होते. जून 2024 मध्ये आलेली ती तरतूद ऑक्टोबर 2025 अखेर रद्द झाली. आता किमान पाच वर्षे. नागरिकत्व घेताना जर्मनीला आपला भारतीय पासपोर्ट चालला तरी भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून तो परत करून ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारे कार्ड) अर्ज करावा लागेल.