गॅरेजच्या पायरीवरून : आटे गेले, आता काय?

काका, वडिलांची 1974 सालची बुलेट 350 पेडण्याच्या घरी पडवीत सात-आठ वर्षं उभी होती. चतुर्थीच्या आधी चालू केली, तर सिलिंडरच्या बुडातून तेल येऊ लागलं. एका गॅरेजात नट आवळून घेतला. दहा दिवसांत पुन्हा ढिला. दुसऱ्यांदा आवळताना नट नुसताच फिरत राहिला आणि सगळा स्टडच, म्हणजे तो बिनडोक्याचा बोल्ट, वर आला. त्याच्या आट्यांत चांदीसारखा कीस अडकलाय. मेकॅनिक म्हणतो, एमएमचा टॅप मारून साधा बोल्ट बसवू. करू का?
— एक वाचक, पेडणे

त्याला आधी टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं ते हत्यार, खाली ठेवायला सांगा.

तो चांदीसारखा कीस म्हणजे तुमच्या क्रँककेसचं, सिलिंडर ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीचं, अ‍ॅल्युमिनियम. स्टड तारेच्या ब्रशने साफ करून बघा, त्याचे आटे बहुतेक शाबूत असतील. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम भांडले की हरणारा ठरलेला असतो.

आता एमएमचं. 1955 साली मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली, तेव्हा विलायतेतली रचना आली आणि तिच्याबरोबर तिकडचे इंची आटेही आले. तेही एका जातीचे नाहीत. अडीच सुती बोल्ट घ्या, म्हणजे पाच-सोळांश इंच. व्हिटवर्थ या जाड जातीचा असेल तर इंचात 18 आटे, बीएसएफ या बारीक जातीचा असेल तर 22, त्याहून बारीक सायकल थ्रेड असेल तर 26. जाडी तिन्हींची सारखीच, 7.94 मिलिमीटर. दुकानातला साधा आठ एमएमचा बोल्ट जाडीला याच्या इतका जवळ की डोळ्याला फरक कळत नाही, पण त्याचे इंचात वीसच्या आसपास आटे. तो दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो. अडल्यावर जो पाना लावतो, तो बोल्ट बसवत नाही, आटे खरवडतो. तुमच्या गाडीत कोणीतरी हा पराक्रम पूर्वीच केलेला असणार, असा माझा कयास आहे. नुसत्या आवळण्याने स्टड असा उपटून येत नाही.

पान्यांचंही तेच. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या जाडीचं असतं, डोक्याचं नव्हे. दोन सुती व्हिटवर्थ नटाला साधारण 13.3 मिलिमीटरचा पाना लागतो. 13 चा चढत नाही, 14 चा चढतो आणि घसरतो. गोल झालेले नट बघितले की मला त्या गाडीचा मागचा मेकॅनिक दिसतो.

तेव्हा पहिलं काम, तो स्टड घेऊन जुन्या लेथवाल्याकडे जा. त्याच्याकडे पिच गेज, म्हणजे आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या, असेलच. नसेल तर ओळखीचा चांगला बोल्ट स्टडला आडवा टेकवून उजेडात धरा. आटे एकमेकांत बसले आणि फट दिसली नाही तर जात एकच.

दुसरं काम सिलिंडर उतरवण्याचं. तो जागेवर ठेवून काम करतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. उतरवताना टॅपेटच्या झाकणाआडही एक नट असतो, तो विसरून सिलिंडर उचकटणारे महाभाग मी पाहिलेत. आणि हा नट आवळायलाही विसरतात. तुमचं तेल मुळात तिथूनच आलं नसेल कशावरून? शिवाय इतकी वर्षं उभ्या गाडीचं गॅस्केट वाळून चपटं झालेलं असतं. ते दबलं की नट आपोआप ढिला. दहा दिवसांचं कोडं एवढंच असावं.

गेलेल्या भोकात पोलादी बुश बसवून घ्या. भोक मोठं करायचं, त्यात आटे पाडायचे, बाहेरून-आतून आटे असलेला बुश लाल थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावून त्यात फिरवायचा. आतले आटे मूळ स्टडच्याच जातीचे. हेलीकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेची गुंडाळी, हाही उत्तम उपाय, फक्त ती तुमच्या आट्यांच्या जातीची मिळायला हवी. ड्रिल उभं सरळ गेलं पाहिजे, नाहीतर सिलिंडर पुन्हा बसणारच नाही. क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबा आणि ड्रिलला ग्रीस माखा, कीस त्याला चिकटून वर येतो. टॅपला रॉकेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. भोक बंद बुडाचं असेल तर त्यात तेल साचू देऊ नका. स्टड आत शिरताना तेलाला वाट मिळत नाही आणि क्रँककेसला चीर जाते.

शेवटी नट आवळताना इंजिन थंड हवं. समोरासमोरचे नट, तीन टप्प्यांत. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, तेही थंडच. पान्याला पाइप लावून नाही.

काका, मी कॉलेजात शिकतो. माझ्या मामाची आरएक्स 100 माझ्याकडे आलीय. आम्ही हरमलला समुद्राजवळ राहतो. सायलेन्सरचा एक स्टड सिलिंडरच्या आत तुटून राहिलाय. ईझी-आउट मागवू का?
— एक वाचक, हरमल

नको रे बाबा. ईझी-आउट म्हणजे तुटक्या बोल्टात उलटा फिरवून तो काढायचं हत्यार. 1988 साली एका पायलटच्या, म्हणजे मोटारसायकलवर भाडी मारणाऱ्याच्या, गाडीत मी तो घातला आणि तो आत मोडला. स्टडपेक्षा तो कितीतरी कडक, ड्रिल त्याच्यावर नुसतं नाचतं. शेवटी स्पार्कने धातू जाळणाऱ्या मशीनवर सिलिंडर पाठवावा लागला. आठ दिवस त्या माणसाची कमाई बंद, आणि मला तोंड वर करून पैसे मागवेनात.

तुझा स्टड गंजाने धरलाय. खारं वारं, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की मध्ये पांढरी भुकटी धरते, सिमेंटसारखी. तेव्हा आधी गंज सोडवणारं तेल सोड आणि दोन दिवस घाई करू नकोस. रोज सकाळ-संध्याकाळ दोन थेंब, वर हलका हातोडा. मग सिलिंडर उतरवून गरम कर, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र व्हावा इतपत. तेवढ्याच उष्णतेत अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड सुटते. तुकडा थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घे. वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, आणि ती धगच अर्धं काम करते. आत खोल असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून डाव्या फिरणीचं ड्रिल. कित्येकदा ड्रिल करता करताच तुकडा बाहेर येतो.

नवीन स्टडला तांब्याचं ग्रीस लाव. समुद्राकाठी एवढा खर्च माफ.

मी तीस वर्षं म्हापशात पायलट होतो. माझ्या येझदीचा सायलेन्सरचा मोठा गोल नट दर महिन्याला ढिला होतो. छिन्नी-हातोड्याने मारून घट्ट करतो. आता त्याचे कंगोरे उडालेत.
— एक वाचक, म्हापसा

छिन्नी फेकून द्या. त्या नटाचा आकड्याचा पाना मिळतो, नाही मिळाला तर लोहार करून देईल. आतलं रिंग गॅस्केट बदला. नट इंजिन गरम असताना आवळा.

पण त्याआधी मागे वाकून सायलेन्सरचं शेपूट हाताने हलवून बघा. मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट जागेवर आहे का? तो नसला की अख्ख्या सायलेन्सरचं वजन पुढच्या नटावर लोंबतं. तीस वर्षं शुक्रवारच्या बाजारातली गिऱ्हाइकं आणि त्यांच्या पिशव्या वाहिलेल्या गाडीचा तो बोल्ट शाबूत असेल, असं मला वाटत नाही.