गीझर लावला की बोर्डाजवळ जळका वास येतो, पण एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. मग धोका आहे का? सगळी वायरिंग बदलावी लागेल का?

धोका आहे. एमसीबी पडत नाही म्हणून तर जास्तच आहे.

याच मुद्द्यावर माझी आणि दाजींची जुंपलेली असते. ते वायरिंगची कामं घेतात, त्यामुळे घरात त्यांचाच शब्द शेवटचा. "एमसीबी आहे ना, मग कशाला घाबरता?" हे त्यांचं पालुपद. आमच्या गीझरच्या तारा त्यांनीच जोडल्या होत्या, स्क्रूवाल्या प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये. पुढे असाच वास यायला लागला, तर म्हणे कॉइल गेली, गीझर बदला. मी मेन बंद करून झाकण काढलं. फेजची बाजू पांढरी स्वच्छ आणि न्यूट्रलकडचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. तारेचं आवरण बोटभर कडक झालेलं, वाकवलं तर तडकलं. स्क्रू मात्र घट्ट! तो तांब्यावर नाही, आवरणावर आवळला होता. तांब्याचे दोन-चार धागे काय ते टेकलेले.

आता हिशोब बघा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेतो. सांध्यात अर्धा ओहम रोध (करंटला अडथळा) आला तरी तिथे ४० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे भिंतीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. आणि करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो, मग एमसीबी पडेल कशाला? करंटची गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबीही गप्प, कारण इथे गळती नाही. दाजी अजून म्हणतात गीझरच जास्त करंट खेचत होता. तोच गीझर जळकी तार मागे छाटून, नवा कनेक्टर टाकून आजही चालू आहे.

जोडल्यावर प्रत्येक तार ओढून बघायला सांगा. नुसती पिळून टेप मारणारा माणूस घरात घेऊ नका. धाग्यांच्या तारेचं टोक सोल्डर करून स्क्रूखाली देऊ नये, सोल्डर दाबाने हळूहळू सरकतं आणि सांधा सैल पडतो. त्यापेक्षा फेरूल, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची छोटी नळी, लावा. "मोठा एमसीबी टाकतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, मग तो नात्यातला का असेना.

सगळी वायरिंग बदलायची का, ते आवरण कुठवर करपलंय यावर आहे. तारा ॲल्युमिनियमच्या निघाल्या तर प्रकरण वेगळं, त्या तांब्याबरोबर साध्या कनेक्टरमध्ये चालत नाहीत. आणि हो, मी उघडलं म्हणून तुम्ही उघडू नका. जाणकाराला बोलवा, तोवर गीझर बंद.